अंतर-सदिश मार्गनिर्धारण : शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारे जाळे

एका गावाहून दुसऱ्या गावी निघालेल्या वाटसरूस सबंध मुलखाचा नकाशा ठाऊक असावाच लागतो असे नाही. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावी उभे राहून कोणी हिंगोलीची वाट विचारली, तर सांगणारा पुढच्या गावाचे नाव घेतो आणि एकंदर अंतर किती पडेल याचा अंदाज देतो. पुढच्या गावी पुन्हा तीच विचारपूस होते. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी कळतात : कोणत्या दिशेने निघावे आणि किती दूर जावे लागेल. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर वाटसरू मुक्कामी पोहोचतो. मात्र मधला पूल वाहून गेल्याची बातमी ज्या गावी अद्याप आलेली नाही, तेथील माणूस पूर्वीचेच अंतर पूर्ण विश्वासाने सांगत राहतो. त्याच्या सांगण्यात लबाडी नसते; पण त्याचा शब्द आता खरा राहिलेला नसतो.

संगणकांच्या जाळ्यांत संदेशांची वाट ठरविण्याची जी एक जुनी आणि अत्यंत साधी पद्धती आहे, तिचे बळ व तिचे वैगुण्य ही दोन्ही या दृष्टान्तात आलेली आहेत. या पद्धतीस अंतर-सदिश मार्गनिर्धारण असे म्हणता येईल. तिचे कार्य कसे चालते, ती कोठे फसते आणि गेल्या काही दशकांत तिच्यात कोणत्या सुधारणा घडून आल्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या सर्व सुधारणांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. शेजाऱ्याने सांगितलेले अंतर ही स्वतंत्र माहिती आहे, की आपणच पूर्वी उच्चारलेल्या शब्दाचा तो प्रतिध्वनी आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे?

१. पूर्वपीठिका

जाळ्यातील प्रत्येक संदेश लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. दोन किंवा अधिक दुवे जेथे एकत्र येतात, तेथे राउटर नावाचे यंत्र बसविलेले असते. आलेल्या प्रत्येक पॅकेटवरील गंतव्यस्थान वाचून ते कोणत्या दुव्यावर पुढे धाडावे, हे ठरविणे हे राउटरचे काम होय. त्यासाठी त्याच्याजवळ एक मार्ग-कोष्टक असते. ते कसे भरावे आणि परिस्थिती पालटली असता कसे दुरुस्त करावे, यासंबंधी राउटरांनी आपापसात पाळावयाच्या नियमांना मार्गनिर्धारणाचा प्रोटोकॉल म्हणतात.

या पद्धतीचे गणित प्रत्यक्ष जाळ्यांच्या आधीचे आहे. लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये आणि रिचर्ड बेलमन यांनी १९५८ मध्ये सर्वांत कमी अंतराच्या मार्गाचा प्रश्न मांडून तो सोडविण्याची रीत दिली. त्यामुळे ही रीत बेलमन-फोर्ड या जोडनावाने ओळखली जाते. बेलमन यांचा युक्तिवाद असा : दोन स्थानांमधील सर्वांत लहान मार्ग घेतला, तर त्या मार्गावरील कोणत्याही मधल्या स्थानापासून पुढचा भागही त्या स्थानापुरता सर्वांत लहानच असला पाहिजे. तसे नसते, तर तो भाग बदलून मूळ मार्ग आणखी लहान करता आला असता. यावरून असे निष्पन्न होते की, एखाद्या स्थानापासून गंतव्यस्थानापर्यंतचे किमान अंतर काढण्यासाठी प्रत्येक शेजाऱ्यापर्यंतच्या दुव्याचे मूल्य आणि त्या शेजाऱ्यापासूनचे किमान अंतर यांची बेरीज करावी, आणि अशा सर्व बेरजांमधून सर्वांत लहान बेरीज निवडावी.

एक आखीव उदाहरण घेऊ. वसमत येथील राउटरला दोन शेजारी आहेत. औंढा नागनाथकडील दुव्याचे मूल्य २ आणि नांदेडकडील दुव्याचे मूल्य ३ आहे. हिंगोली आपल्यापासून २ अंतरावर असल्याचे औंढा सांगतो. नांदेड ६ सांगतो. औंढ्यामार्गे २ अधिक २ म्हणजे ४, तर नांदेडमार्गे ३ अधिक ६ म्हणजे ९ होतात. वसमत आपल्या कोष्टकात 'हिंगोली, अंतर ४, पुढील स्थान औंढा' अशी नोंद करील. या निर्णयासाठी औंढ्याच्या पलीकडील रचना जाणण्याची त्याला काहीच आवश्यकता पडली नाही.

१९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने हीच रीत स्वीकारली. तेथील प्रत्येक यंत्र आपले कोष्टक शेजाऱ्यांना सेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांश अवधीने कळवीत असे. शेजाऱ्याच्या शब्दावर पूर्ण विसंबण्याचा धोका याच जाळ्यात फार लवकर दिसून आला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड येथील यंत्राच्या स्मृतीत बिघाड होऊन ते सर्व गंतव्यस्थाने आपल्यापासून शून्य अंतरावर असल्याचे सांगू लागले. शेजाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनीही ठेवला, आणि दूरदूरचे संदेश त्या एका यंत्राकडे वळून तेथेच नाहीसे होऊ लागले. एका यंत्राचा दोष सर्व जाळ्याचा दोष झाला.

२. कोष्टकाची भरणी

आता कुरुंदा, वसमत, औंढा नागनाथ, हिंगोली आणि नांदेड या पाच ठिकाणी प्रत्येकी एक राउटर आहे असे कल्पू. कुरुंदा वसमतशी, वसमत औंढ्याशी, औंढा हिंगोलीशी आणि वसमत नांदेडशी जोडलेले आहे. ही मांडणी केवळ दृष्टान्तासाठी आहे. प्रत्यक्ष तारांचा तो नकाशा नव्हे. प्रत्येक दुव्याचे मूल्य १ धरले आहे, म्हणजे अंतर टप्प्यांत मोजले आहे.

प्रारंभी प्रत्येक राउटरला फक्त स्वतःची ओळख असते. स्वतःपर्यंतचे अंतर शून्य, बाकी सर्व अनंत. पहिल्या देवघेवीनंतर औंढ्यास कळते की हिंगोली एका टप्प्यावर आहे. दुसऱ्या फेरीत वसमतला ती दोन टप्प्यांवर असल्याचे कळते. तिसऱ्या फेरीत कुरुंदा आणि नांदेड यांच्या कोष्टकांत हिंगोलीसमोर ३ हा आकडा येतो. वार्ता फेरीमागे एक टप्पा पुढे सरकते. सर्व कोष्टके स्थिर होण्याच्या या क्रियेस अभिसारिता म्हणतात.

स्थिरावलेल्या अवस्थेत कुरुंदा, वसमत, औंढा, हिंगोली, नांदेड या क्रमाने वसमतची अंतरे १, ०, १, २, १ अशी असतात. आकड्यांच्या या क्रमवार मालिकेला गणितात सदिश म्हणतात; पद्धतीचे नाव त्यावरूनच पडले. वसमत ही मालिका कुरुंद्याकडे पाठवितो. कुरुंदा प्रत्येक आकड्यात एक मिळवितो, स्वतःसमोर शून्य मांडतो, आणि त्याची मालिका ०, १, २, ३, २ अशी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वसमतने 'हिंगोली २' एवढेच सांगितले. ती कोणत्या मार्गाने २ आहे, हे सांगितले नाही. आकडा राहिला, पण आकड्याचा इतिहास वाटेत गळून पडला. पद्धतीचा साधेपणा यातूनच येतो, आणि तिचे सर्व अनर्थही यातूनच उद्भवतात.

३. शुभ वार्ता आणि अशुभ वार्ता

२०२२ च्या जुलै महिन्यात अतिवृष्टीने आसना नदीला पूर येऊन कुरुंदा गावात पाणी शिरले होते. अशा प्रसंगी तारा तुटतात, वीज जाते, यंत्रे बंद पडतात. आणि संदेश पोहोचण्याची निकडही नेमकी त्याच वेळी सर्वाधिक असते. म्हणून एखाद्या प्रोटोकॉलचे मोल तो सुरळीत दिवशी किती चांगला चालतो यावरून ठरवून भागत नाही; दुवा तुटल्यावर तो कसा वागतो, हे पाहावे लागते.

वरील उदाहरणात औंढा व हिंगोली यांमधील दुवा तुटला असे समजू. औंढ्यास हे तत्काळ कळते आणि तो हिंगोलीची नोंद रद्द करतो. परंतु त्याने ही वार्ता शेजाऱ्यास कळविण्यापूर्वीच वसमतची ठराविक वेळची मालिका त्याच्याकडे येते. तीत 'हिंगोली २' असे लिहिलेले असते. औंढा विचार करतो : वसमत दोन टप्प्यांत हिंगोलीस पोहोचवितो, तर आपण त्याच्यामार्गे तीन टप्प्यांत पोहोचू. वसमतचे ते दोन टप्पे औंढ्यावरूनच मोजलेले होते, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. तो ३ लिहितो. वसमत हे ऐकून आपला आकडा ४ करतो. त्यावर औंढा ५ करतो, वसमत ६, औंढा ७. दोघेही नियमाप्रमाणे वागत असतात, दोघांचेही गणित अचूक असते, आणि नसलेला मार्ग क्रमाक्रमाने लांब होत जातो. या अवस्थेस अनंतापर्यंतची मोजणी म्हणतात.

या काळात कुरुंद्याहून हिंगोलीकडे निघालेले पॅकेट वसमतला येते, वसमत ते औंढ्याकडे धाडतो, औंढा ते परत वसमतकडे धाडतो. इंटरनेटच्या प्रत्येक पॅकेटवर त्याची आयुर्मर्यादा दर्शविणारा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. त्यामुळे ते पॅकेट अखेरीस नष्ट होते; पण तोवर त्याने त्या दुव्यावरील जागा व्यर्थ अडविलेली असते.

हा केवळ अपघात नव्हे. त्यामागे गणिती कारण आहे. दिमित्री बर्टसेकास यांनी १९८२ मध्ये दाखविले की, दुव्यांची मूल्ये धन असतील, जाळे काही काळ अपरिवर्तित राहिले आणि शेजाऱ्यांचे संदेश केव्हा ना केव्हा पोहोचत राहिले, तर राउटर एकमेकांशी वेळ न जुळविताही अखेरीस योग्य अंतरांवर येतात; मग त्यांचे आरंभीचे आकडे कोणतेही असोत. परंतु 'अखेरीस' या शब्दात दोन अगदी भिन्न गती दडलेल्या आहेत. आरंभीचा आकडा खऱ्या अंतराहून मोठा असेल, तर तो झपाट्याने उतरतो. प्रत्येक फेरीत योग्य माहिती एक टप्पा पुढे जाते, आणि 'न' राउटरांच्या जाळ्यात फार तर 'न वजा १' फेऱ्या लागतात. आरंभीचा आकडा खऱ्या अंतराहून लहान असेल, तर मात्र तो पायरी-पायरीनेच चढतो. कारण प्रत्येक राउटर दुसऱ्याच्या जुन्या, लहान आकड्याचा आधार घेत राहतो. नव्या दुव्याची वार्ता पहिल्या प्रकारात मोडते, तुटलेल्या दुव्याची दुसऱ्या. एकही मार्ग उरला नसेल, तर योग्य अंतर अनंत असते; आणि पायऱ्या चढून अनंत गाठता येत नाही.

४. रिप : अनंत म्हणजे सोळा

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध व्यवहारी अवतार म्हणजे राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल, अर्थात रिप. त्याची मुळे झेरॉक्स कंपनीच्या जाळ्यांत होती. १९८३ मध्ये बर्कली युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीबरोबर तो विद्यापीठांत पसरला आणि जून १९८८ मध्ये रटगर्स विद्यापीठाचे चार्ल्स हेड्रिक यांनी त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले. दुसरी आवृत्ती गॅरी मॅल्किन यांनी सिद्ध केली. तिचे १९९८ चे वर्णन प्रमाण मानले जाते. आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठीचा अवतार १९९७ मध्ये आला.

रिपचे नियम थोडके आहेत. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी आपली मालिका शेजाऱ्यांना पाठवितो. एका संदेशात अधिकात अधिक २५ नोंदी असतात. एखाद्या मार्गाबद्दल १८० सेकंदांत काहीच ऐकू आले नाही, तर तो मार्ग मृत समजला जातो. त्यानंतर आणखी १२० सेकंद तो अनंत अंतरासह जाहीर करीत राहून मग कोष्टकातून काढून टाकला जातो. आणि अनंत म्हणजे १६.

हा शेवटचा नियम विलक्षण वाटेल. पण तोच मोजणीला अंत आणतो. औंढा व वसमत यांच्या उदाहरणात फक्त ठराविक वेळच्या संदेशांवर विसंबले, तर औंढ्याचा आकडा दर ३० सेकंदांनी दोनाने वाढतो : ३, ५, ७ असे करीत सहाव्या वेळी १५ आणि सातव्या वेळी १६. म्हणजे पहिल्या चुकीच्या नोंदीनंतर सुमारे २१० सेकंद, साडेतीन मिनिटे, हिंगोलीस मार्ग आहे असाच भ्रम टिकतो. दुवा गाजावाजा न करता मुका झाला असेल, तर त्याआधीचे १८० सेकंद वेगळेच. अनंताची व्याख्या लहान केल्याने भ्रमाचा काळ मर्यादित झाला, परंतु त्याची किंमत अशी की, पंधरा टप्प्यांहून लांब मार्ग असलेल्या जाळ्यात रिप चालविता येत नाही.

दुसरा उपाय स्प्लिट होरायझन या नावाने ओळखला जातो. ज्या शेजाऱ्याकडून एखादा मार्ग शिकलो, त्यालाच तो मार्ग पुन्हा सांगावयाचा नाही, एवढाच हा नियम. वसमतने हिंगोलीची वाट औंढ्याकडून घेतली असेल, तर त्याने औंढ्यापुढे हिंगोलीबद्दल मौन पाळावे. याच नियमाचे अधिक कठोर रूप म्हणजे पॉयझन रिव्हर्स. त्यात मौनाऐवजी 'माझ्यामार्गे हिंगोली १६' असे स्पष्ट सांगितले जाते. मौनाचा अर्थ लावण्यास वेळ जातो. नकार तत्काळ कळतो. तिसरा उपाय असा की, मार्ग बदलताच ३० सेकंद न थांबता तो बदल कळवावा. मात्र सर्वांनी एकदम बोलून गर्दी होऊ नये, यासाठी अशा संदेशापूर्वी एक ते पाच सेकंदांचा यादृच्छिक विलंब ठेवण्यास सांगितले आहे. या तीन उपायांनी दोघांमधील वर्तुळ मोडते.

५. वलय आणि त्यातील प्रतिध्वनी

एकापुढे एक अशा सरळ रेषेत जोडलेल्या गावांच्या बाबतीत वरील उपाय पुरेसे आहेत. परंतु सरळ रेषेतील जाळ्यात एक मूलभूत उणीव असते : मधला दुवा तुटला की पलीकडचे गाव तुटले. देशातील ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याचा जो कार्यक्रम केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केला आणि २०१५ पासून जो भारतनेट या नावाने ओळखला जातो, त्यातही हा अनुभव आला. म्हणूनच २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वलयाकार रचनेचा पुरस्कार केलेला आहे. वलयात प्रत्येक ठिकाणी येण्यास दोन बाजू असतात. एक तुटली तरी दुसरी उरते.

आता कल्पिलेल्या जाळ्यात कुरुंदा व नांदेड यांमध्ये एक नवा दुवा टाकू. वसमत, कुरुंदा व नांदेड यांचे एक वलय बनले. कुरुंदा व नांदेड या दोहोंनाही हिंगोली वसमतमार्गे तीन टप्प्यांवर आहे. वसमत-औंढा हा दुवा तुटला. वसमतने दोघांनाही 'हिंगोली १६' असे कळविले. कुरुंद्यास ते मिळाले. नांदेडकडे जाणारा संदेश वाटेत हरवला. स्प्लिट होरायझनच्या नियमानुसार नांदेड वसमतपुढे गप्प राहतो. पण कुरुंद्यास 'हिंगोली ३' असे सांगण्यास त्याला कोणताच प्रत्यवाय नाही. कुरुंदा आनंदाने ४ लिहितो. कुरुंद्याने ही वाट नांदेडकडून घेतली असल्यामुळे तो ती वसमतला सांगू शकतो. वसमत ५ लिहितो. वसमत ती नांदेडला सांगतो; नांदेड ६. पुन्हा कुरुंदा ७, वसमत ८, नांदेड ९. अशी प्रदक्षिणा घालीत कुरुंदा १६ वर पोहोचेपर्यंत मोजणी चालते. प्रत्येकाने नियम पाळला. ज्याच्याकडून शिकले, त्यालाच कोणी परत सांगितले नाही. तथापि वसमतचा जुना शब्द दोन घरे फिरून वसमतकडेच नवी माहिती म्हणून आला.

येथे प्रस्तुत विषयाचा गाभा लागतो. नांदेडचा '३' हा आकडा दोन अर्थांनी खरा असू शकला असता. नांदेडहून हिंगोलीस खरोखरच एक स्वतंत्र वाट असती, तर तो आकडा कुरुंद्यास तारक ठरला असता. तशी वाट नसताना तोच आकडा मारक ठरला. दोन्ही प्रसंगी कुरुंद्याकडे आलेला संदेश अक्षरशः एकच आहे. पर्यायी वाट असणे हा वलयाचा लाभ, आणि पर्यायी वाटेचा भास होणे हा वलयाचा धोका. निव्वळ अंतराच्या आकड्यावरून या दोहोंतील भेद करता येत नाही.

६. शब्दाला मूळ जोडण्याचे उपाय

यानंतरचे संशोधन या भेदावरच केंद्रित झाले. त्यातील चार मार्ग विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला मार्ग म्हणजे वार्तेवर क्रमांक घालणे. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये फिरत्या संगणकांच्या बिनतारी जाळ्यांसाठी ही योजना मांडली. प्रत्येक गंतव्यस्थान आपल्याविषयीच्या वार्तेवर वाढता सम क्रमांक घालते. दुवा तुटल्याचे ज्याला प्रथम कळते, तो त्या क्रमांकात एक मिळवून विषम क्रमांकासह अनंत अंतर जाहीर करतो. पूर्वीच्या उदाहरणात हिंगोलीचा अखेरचा क्रमांक ४० असेल, तर औंढा '४१, अनंत' असे सांगेल. वसमतच्या '४०, अंतर २' या शब्दास औंढा भुलणार नाही. कारण तो जुना आहे. आकड्यास येथे काळाची खूण मिळाली.

दुसरा मार्ग शब्द स्वीकारण्याच्या अटीचा आहे. गार्सिया-लुना-असेव्हेस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ड्युअल या रीतीनुसार, शेजाऱ्याने सांगितलेले अंतर आपल्या आजवरच्या किमान अंतराहून निश्चितपणे लहान असेल, तरच त्याच्यामार्गे जावे. औंढ्याचे किमान अंतर १ होते. वसमत २ सांगतो. २ हे १ हून लहान नाही, म्हणून नकार. वलयातील कुरुंद्याचे किमान अंतर ३ होते, नांदेडही ३ सांगतो, म्हणून नकार. या अटीमागील तर्क असा की, जो आपल्याहून गंतव्यस्थानाच्या निश्चित जवळ आहे, त्याचा मार्ग आपल्यावरून गेलेला असू शकत नाही. अट पुरेशी आहे, पण आवश्यक नाही. ती काही खऱ्या वाटाही नाकारते. नांदेडची तीन टप्प्यांची वाट स्वतंत्र असती, तरी कुरुंद्याने ती प्रथम नाकारलीच असती. अशा वेळी राउटर आपला निर्णय गोठवून सर्व शेजाऱ्यांना विचारणा करतो आणि सर्वांची उत्तरे आल्यावरच नवी वाट धरतो. शंका दूर होते. बदल्यात थांबावे लागते. सिस्को कंपनीच्या ईआयजीआरपी या प्रोटोकॉलचा हाच पाया आहे आणि त्याचे वर्णन २०१६ मध्ये खुले प्रसिद्ध झाले.

तिसरा मार्ग अंतराबरोबर संपूर्ण वाटच सांगण्याचा. १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला आणि आज जगातील स्वायत्त जाळ्यांना परस्परांशी जोडणारा बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, या वर्गातील होय. त्यातील प्रत्येक वार्तेत वाटेवरील जाळ्यांची क्रमवार यादी असते. आपले नाव त्या यादीत आढळले, की ती वाट त्याज्य. वसमतने 'वसमत, औंढा, हिंगोली' अशी यादी दिली असती, तर औंढ्याने स्वतःचे नाव पाहून ती तत्काळ नाकारली असती. तरीही जुन्या वार्तांचा उपद्रव पूर्णपणे टळत नाही. एखादी वाट नाहीशी झाली असता राउटर उरलेल्या शिळ्या वाटा एकामागून एक चाचपून पाहतात. क्रेग लॅबोव्हिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रत्यक्ष मापनांनी दाखविले की, या चाचपणीत इंटरनेटला स्थिरावण्यास मिनिटे लागू शकतात.

चौथा मार्ग म्हणजे ऐकीव माहितीचाच त्याग. आर्पानेटने १९७९ मध्ये आपली पहिली पद्धती सोडून दुवा-स्थिती पद्धती स्वीकारली. तीत प्रत्येक राउटर फक्त आपल्या स्वतःच्या दुव्यांविषयी बोलतो, पण ते सर्व जाळ्यास ऐकवितो. आणि प्रत्येकजण सर्व नकाशा उभारून स्वतःच मार्ग काढतो. मोठ्या जाळ्यांच्या अंतर्भागी सामान्यतः याच कुळातील ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस हे प्रोटोकॉल योजिले जातात. त्यासाठी अधिक स्मृती, अधिक गणन आणि सर्वांकडे एकसारखा नकाशा असण्याची हमी ही किंमत मोजावी लागते.

७. समारोप

यावरून अंतर-सदिश पद्धती इतिहासजमा झाली, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जेथे यंत्र लहान आहे, वीज अपुरी आहे आणि सबंध नकाशा बाळगणे परवडत नाही, तेथे शेजाऱ्याच्या शब्दावाचून गत्यंतर नाही. शेतात विखरून ठेवलेल्या, जमिनीतील ओल मोजणाऱ्या बॅटरीवरील उपकरणांचे उदाहरण घ्यावे. हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसमत परिसरासारख्या भागात अशी साधने उपयोगी पडण्याजोगी आहेत. अशा क्षीण यंत्रांच्या जाळ्यांसाठी २०१२ मध्ये प्रमाणित झालेला आरपीएल हा प्रोटोकॉल अंतर-सदिश कुळातीलच आहे. बिनतारी जाळ्यांसाठी विकसित झालेला आणि २०२१ मध्ये प्रमाणपदास पोहोचलेला बॅबेल हा प्रोटोकॉल तर पूर्वोक्त दोन उपायांचा संगम होय : स्वीकाराची अट ड्युअलच्या धर्तीची, आणि ती फार कठोर ठरू लागल्यास नवा क्रमांक मागवून वाट मोकळी करण्याची सोय पर्किन्स व भागवत यांच्या योजनेच्या धर्तीची.

बेलमन आणि फोर्ड यांची मूळ रीत या सर्वांत अबाधित आहे. बेरीज तीच, निवड तीच. बदलला तो आकड्याबरोबर प्रवास करणारा पुरावा : कोठे क्रमांक, कोठे अट, कोठे वाटेवरील नावांची यादी. विद्यार्थ्याने एखादा नवा मार्गनिर्धारण प्रोटोकॉल अभ्यासावयास घेतला असता, तो किमान अंतर कसे काढतो हा प्रश्न दुय्यम समजावा. ते सर्वांना येते. एखाद्या राउटरचा स्वतःचाच शब्द फिरून त्याच्याकडे आला असता तो त्याला ओळखतो काय, हे आधी तपासावे. कुरुंद्यासारख्या वाटेच्या टोकाच्या गावी, पुराच्या रात्री, या प्रश्नाच्या उत्तरावर साडेतीन मिनिटांचा भ्रम किंवा क्षणार्धात मिळालेला स्पष्ट नकार अवलंबून असतो. मार्ग नाही, हे वेळेवर कळणे हीसुद्धा माहितीच होय. कारण त्यानंतरच दुसऱ्या वाटेचा खरा शोध सुरू होतो.